आमच्या एक्सेलमध्ये ९४ टक्के, ग्राहकाच्या पोर्टलवर ७१: वेळेवर पुरवठ्याचा खरा आकडा कोणता?

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तो इथेच दिसेल. भोसरी एमआयडीसीत तुमचा बुश, पिन आणि छोट्या ब्रॅकेटांचा मशिनिंगचा कारखाना आहे, माणसे ३५, आणि मोठे ग्राहक दोन, एक चाकणला व एक रांजणगावला. मागच्या तिमाहीत तुमच्या एक्सेलमध्ये वेळेवर पुरवठा ९४ टक्के दिसतो, चाकणच्या ग्राहकाच्या पोर्टलवर तो ७१ टक्के आहे. त्यांनी पत्र पाठवून ३० दिवसांत सुधारणेचा आराखडा मागितला आहे आणि तोपर्यंत नवे पार्ट देणे थांबवले आहे. तुम्ही विचारता की कोणाचा आकडा खरा, आणि आता ईआरपी (कारखान्याचे नियोजन व हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर) घ्यावी की तयार मालाचा साठा वाढवावा.

दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ते असतातच. पण तुमच्या लिहिण्यात एक वाक्य आहे, "माल वेळेत निघाला होता, तरी उशीर दाखवतात", आणि माझ्या मते सगळी अडचण तिथे आहे. उशीर झालेल्या प्रत्येक लॉटबद्दल तो नेमक्या कोणत्या दिवशी आणि कोणत्या टप्प्यावर मागे पडला हे तुमच्याकडे आज कोणालाही सांगता येणार नाही, आणि ते कळेपर्यंत ईआरपी आणि साठा हे दोन्ही अंदाजाने केलेले खर्च ठरतील. मी गेली २१ वर्षे उत्पादन नियोजनाच्या कामात आहे. त्यातली पहिली काही वर्षे भोसरी आणि चाकणमधल्या कारखान्यांच्या पीपीसी (उत्पादन नियोजन व नियंत्रण) विभागात गेली आणि आता तुमच्यासारख्या छोट्या पुरवठादारांबरोबर काम करते. तुमचा कारखाना मी पाहिलेला नाही, त्यामुळे जिथे उत्तर परिस्थितीनुसार बदलेल तिथे तसे सांगेन.

दोन आकड्यांमधला पहिला फरक बहुधा जागेचा असतो. तुम्ही डिस्पॅचची तारीख मोजता, ग्राहक त्याच्या गेटवरची किंवा जीआरएनची (माल मिळाल्याच्या पावतीची) तारीख मोजतो. असाच एक वाद चालू असताना मी एकदा टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून गेले होते. सकाळी साडेसातला भोसरीतून निघालो, मोशी ओलांडली, आणि चाकणच्या तळेगाव चौकाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकलो. अंतर २० किलोमीटरच्या आतले, वेळ लागला दीड तास. गेटवर पोचल्यावर सुरक्षारक्षकाने कागद पाहिले आणि परत दिले, कारण बिलावरचा पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर पोर्टलवरच्या एएसएनशी (माल येत असल्याच्या आगाऊ सूचनेशी) जुळत नव्हता. ग्राहकाने आठवड्यापूर्वी पीओची सुधारित प्रत पाठवली होती, ती मेलमध्येच राहिली होती आणि बिल जुन्या नंबरावर निघाले होते. फोनाफोनी झाली, दुरुस्त कागद आले, गेट एन्ट्री झाली तेव्हा पावणेएक वाजला होता. माल उतरवण्याची आमची वेळ तोपर्यंत निघून गेली होती. मालाचे इनवर्ड (आवक नोंद) संध्याकाळी झाले आणि जीआरएन दुसऱ्या दिवशी दुपारी. कारखान्याच्या वहीत हा लॉट वेळेवर होता, पोर्टलवर एक दिवस उशिरा, आणि त्या मालाच्या उत्पादनात उशिराचा अंशही नव्हता.

हे सविस्तर सांगितले कारण अशा उशिरावर मशीन वाढवून काहीच उपयोग होत नाही. तिथे इलाज इतकाच होता की बिल करण्याआधी पीओची आवृत्ती पोर्टलवर पाहायची आणि गाडी साडेसातऐवजी सहाला काढायची. पोर्टलवर उशिरा दिसणाऱ्या तुमच्या २९ टक्क्यांमधून असे किती लॉट आहेत ते आधी वेगळे काढा. ग्राहक गेट एन्ट्री धरतो की जीआरएन, हे त्यांच्या खरेदी विभागाला लेखी विचारा; जीआरएन धरत असतील तर त्यांच्या स्टोअरमध्ये गेलेला वेळ तुमच्या खात्यावर का लागतो, हा प्रश्न पुरावा हाती असताना सभ्यपणे मांडता येतो. ग्राहकाची स्वतःची गाडी फिरून माल उचलत असेल, तर मात्र मोजणी तुमच्या दारातच होते आणि हा सगळा मुद्दा तुम्हाला लागू होत नाही.

दुसरा फरक तारखेचा, आणि माझ्या मते तुमच्या बाबतीत हाच सर्वांत मोठा निघेल. तुमच्या शीटमध्ये "ड्यू डेट" असा एकच कॉलम आहे. ग्राहकाने १० तारीख मागितली, तुम्ही १२ कबूल केली, ११ला अडचण आली म्हणून फोन करून १५ सांगितली, आणि त्या एकाच कॉलममध्ये १० जाऊन १२ आणि १२ जाऊन १५ आली. माल १५ला गेला आणि शीटने त्याला वेळेवर म्हटले. ग्राहकाच्या पोर्टलवर १० किंवा १२ अजून तशीच आहे. कोणी लबाडी केली असे मी मुळीच म्हणत नाही, कारण ज्याने तारीख बदलली त्याला पुढचे नियोजन करायचे होते. पण जुनी तारीख पुसली गेली की झालेल्या उशिराची एकमेव खूणही जाते. म्हणून उद्यापासून तीन कॉलम ठेवा: ग्राहकाने मागितलेली तारीख, आपण पहिल्यांदा कबूल केलेली तारीख, आणि सध्याची अपेक्षित तारीख. पहिल्या दोन्हींवर एकदा लिहिल्यावर कोणीही हात लावायचा नाही, तिसरी हवी तितक्या वेळा बदला.

या तीन कॉलमांतून दोन वेगळे आकडे निघतात आणि ते मिसळू नयेत. पहिल्या कबुलीच्या तारखेशी तुलना केली की तुम्ही दिलेला शब्द किती पाळता ते कळते. मागणीच्या तारखेशी तुलना केली की बाजाराला हवा तितका वेग तुमच्याकडे आहे का ते कळते. पहिला आकडा चांगला आणि दुसरा वाईट असेल तर कारखाना शिस्तीचा आहे पण लीड टाइम (ऑर्डरपासून माल देईपर्यंतचा काळ) मोठा आहे. दोन्ही वाईट असतील तर आधी पहिल्यावर काम करावे, कारण ज्याच्या तारखेवर भरवसा ठेवता येतो त्याच्याशी ग्राहक लीड टाइमबद्दल बोलायला तयार होतो.

तिसरी गोष्ट महिन्याच्या शेड्यूलची. सुट्या भागांच्या धंद्यात आपल्याला महिन्याचे शेड्यूल येते आणि त्याच्या पोटात रोजची किंवा आठवड्याची मागणी असते. समजा एका बुशची महिन्याची मागणी २०,००० नग आहे, रोज साधारण ८०० प्रमाणे. तुम्ही पहिले दोन आठवडे ४,००० दिले आणि उरलेले १६,००० शेवटच्या दहा दिवसांत ढकलले, तर महिनाअखेरीस शेड्यूल १०० टक्के पूर्ण दिसते. ग्राहकाची असेंब्ली लाइन मात्र त्या पहिल्या दोन आठवड्यांत तुमच्या बुशसाठी ताटकळली, आणि शेवटी त्यांच्या स्टोअरमध्ये ठेवायला जागा उरली नाही. लवकर आलेला मालही त्यांना नको असतो. तुमच्या रांजणगावच्या ग्राहकाने दोन दिवस आधी आलेली गाडी परत पाठवली असे तुम्ही लिहिले आहे. त्यांच्या हिशेबात तीही चूकच धरली गेली असणार. किती दिवस आधी आणि किती दिवस नंतरपर्यंतचा माल वेळेवर धरायचा, ही मर्यादा प्रत्येक ग्राहकाची वेगळी असते आणि ती लेखी घ्यावी.

संख्येचेही तसेच आहे. ५,००० नगांऐवजी ४,८०० गेले तर नगांच्या हिशेबात ९६ टक्के झाले, पण "वेळेवर आणि पूर्ण" या कसोटीवर ऑर्डरमधली ती ओळ (म्हणजे त्या एका पार्टची नोंद) नापास झाली. ग्राहक जर पूर्ण ऑर्डर हे एकक धरत असेल तर गणित आणखी कठोर होते. प्रत्येक ओळ वेळेवर जाण्याची शक्यता ९५ टक्के असली आणि ऑर्डरमध्ये एकमेकींवर अवलंबून नसलेल्या १० ओळी असल्या, तर सगळी ऑर्डर वेळेवर आणि पूर्ण जाण्याची शक्यता सुमारे ६० टक्केच राहते. ओळीमागे ९८ टक्के गाठले तरी ती ८२ टक्क्यांच्या आसपास येते. त्यामुळे दोन कारखान्यांच्या टक्केवारीची तुलना करण्याआधी दोघांचे एकक एकच आहे का, हे पाहिल्याशिवाय मी कधी मत देत नाही.

आणखी एक दोष असा आहे की तो चांगल्या माणसांकडूनही चुकीचे काम करून घेतो. तुमचे सूत्र "या महिन्यात पाठवलेल्या ओळींपैकी किती वेळेवर" असे असेल, तर जी ओळ आधीच रखडली आहे तिला हात लावला की महिन्याचा आकडा खाली येतो. मग डिस्पॅचवाल्याच्या नकळत असे होऊ लागते की जे अजून वेळेत आहे ते आधी पॅक होते आणि जे चुकलेच आहे ते मागे पडत जाते, आणि ५ दिवस उशिराचा लॉट २५ दिवस उशिराचा होतो. ग्राहकाला सर्वांत जास्त दुखते ते तिथेच. छेद नेहमी "या महिन्यात देय असलेल्या ओळी" हाच ठेवा, आणि थकीत ओळींची वेगळी यादी, किती दिवसांची थकबाकी यासह, रोज भिंतीवर लावा. मला विचाराल तर टक्केवारीपेक्षा ही यादी अधिक उपयोगी आहे. शिवाय महिन्याला तुमच्या ४० ओळी असतील तर एक ओळ म्हणजे अडीच टक्के, ८५चे ८७.५ झाले म्हणजे सुधारणा झाली असे समजू नका आणि उलटे झाले म्हणून कोणाला बोलावून जाबही विचारू नका. तीन महिन्यांचा एकत्र आकडा पाहा.

एवढे झाल्यावर खरे काम सुरू होते. मागच्या तिमाहीत उशिरा गेलेल्या सगळ्या ओळी काढा आणि प्रत्येकीपुढे पाच तारखा लिहा: कच्चा माल आला ती, पहिले ऑपरेशन सुरू झाले ती, जॉबवर्कला (बाहेरच्या कारखान्यात प्रक्रियेला) गेली ती, तिथून परत आली ती, आणि पॅकिंग झाले ती. तुम्ही म्हणाल की आमच्याकडे इतक्या नोंदी नाहीत, पण त्या आहेत. प्लेटिंग (धातूचा मुलामा) किंवा हीट ट्रीटमेंटला माल पाठवताना जीएसटीच्या नियमानुसार तुम्ही जॉबवर्कचे चलन करताच. कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो म्हणून तुमच्या अकाउंटंटने ती चलने जपून ठेवलेली असतात. गेट रजिस्टर आहे, बार (कच्च्या मालाचे धातूचे दांडे) आल्याची बिले आहेत, ऑपरेटरांची उत्पादन पत्रके आहेत. दोन दिवस एका माणसाला हेच काम द्या. या तारखांमधली अंतरे पाहिली की उशीर कुठे साठतो ते बरेचदा डोळ्यांनाच दिसते.

एका कारखान्यात आम्ही हे केले तेव्हा सगळ्यांना वाटत होते की दोष सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) मशीनच्या क्षमतेचा आहे, आणि नवे मशीन घेण्याची बोलणीही सुरू झाली होती. तारखा लिहिल्यावर दिसले की उशिरा गेलेल्या बहुतेक लॉटमध्ये प्लेटिंगला जाणे आणि परत येणे यांत सात ते नऊ दिवस गेले होते, आणि वेळेवर गेलेल्या लॉटमध्ये तीन. मी प्लेटरच्या शेडमध्ये जाऊन बसले. आमचे क्रेट एका भिंतीशी ताडपत्रीखाली रचलेले होते, खडूने लिहिलेले नाव अर्धे पुसले होते, वरच्या क्रेटमधल्या पिनांवर तेलाचा थर तसाच होता, म्हणजे त्या अजून धुवायलाही गेल्या नव्हत्या. मी मालकांना विचारले की हा माल का थांबला आहे. त्यांनी अगदी सरळ सांगितले की पिवळ्या पॅसिव्हेशनचे (मुलाम्यावर पिवळा संरक्षक थर देण्याचे) काम ते आठवड्यातून दोनदाच लावतात, मंगळवारी आणि शनिवारी, कारण तेवढा माल जमल्याशिवाय बॅरल (मुलाम्याचे फिरते पिंप) भरत नाही. आमचा माल नेहमी मंगळवारी दुपारी येतो, तेव्हा बॅरल लागून गेलेले असते. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही आपणहून सांगितले नव्हते. आम्ही पिवळ्या फिनिशचे पार्ट सोमवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी तिथे पोचतील असे मशीनचे नियोजन फिरवले. नवे मशीन घ्यावे लागले नाही. तुमच्याकडे कारण हेच निघेल असे नाही, पण बाहेरच्या कामाची जागा स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय आतल्या क्षमतेवर पैसे घालू नका.

आतल्या कामात शोधायची गोष्ट म्हणजे थांबण्याचा वेळ. एका पिनला सगळी ऑपरेशन मिळून काही मिनिटे लागतात, अख्ख्या लॉटला फार तर दोन शिफ्ट, तरी लॉट १२ दिवस शॉपमध्ये (कारखान्याच्या मशीन विभागात) असतो, कारण तो मशीनपुढच्या रांगेत उभा असतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो: आत असलेले सरासरी काम भागिले रोज बाहेर पडणारे काम म्हणजे आत राहण्याचा सरासरी काळ. शॉपमध्ये ६० लॉट असतील आणि रोज ५ बाहेर पडत असतील तर प्रत्येकाला सरासरी १२ दिवस लागणारच, मग सुपरवायझर कितीही धावपळ करो. तुम्हाला ८ दिवसांत माल द्यायचा असेल तर एक तर रोज बाहेर पडणारे लॉट वाढले पाहिजेत, नाही तर आत ४० पेक्षा जास्त लॉट सोडायचे नाहीत. बार आला आहे म्हणून लगेच कापायला घेणे ही सवय मोडणे जड जाते, कारण रिकामे मशीन मालकाला बघवत नाही. परंतु लवकर सुरू केलेला नको असलेला लॉट हवा असलेल्या लॉटच्या वाटेत उभा राहतो.

मशीन किती भरलेले आहे याचाही इथे संबंध आहे. काम येण्याच्या आणि कामाला लागणाऱ्या वेळेत अनिश्चितता असलेल्या एका मशीनचे सर्वांत साधे गणित घेतले, तर मशीन ८० टक्के भरलेले असताना तिथे मशीनवरचे धरून सरासरी ४ कामे असतात, ९० टक्क्यांना ९ आणि ९५ टक्क्यांना १९. तुमच्या शॉपमध्ये हे आकडे तंतोतंत येणार नाहीत, पण रांग शेवटच्या काही टक्क्यांत अशीच एकदम वाढते. म्हणून ज्या एका मशीनवर सगळे अडते, ते आठवड्याला उपलब्ध तासांच्या ८५ टक्क्यांपलीकडे विकू नये असे मी सांगते. उरलेल्या तासांत टूल तुटणे, रिवर्क आणि ग्राहकाची अचानक वाढलेली मागणी सामावते.

तारीख कोण देते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि मालकांना तो विचारलेला फारसा आवडत नाही. एका कारखान्यात मी दोन आठवडे ऑफिसात बसून फोनवर दिलेला प्रत्येक शब्द शंभर पानी वहीत टिपला. मालक, त्यांचे धाकटे भाऊ आणि मार्केटिंगचा मुलगा, तिघेही ग्राहकांना शुक्रवार देत होते, कारण शुक्रवार म्हटले की समोरचा शांत होतो. त्या दोन आठवड्यांतल्या दुसऱ्या शुक्रवारसाठी तिघांनी मिळून ३१ लॉट कबूल केलेले निघाले. त्या शॉपमधून एका दिवसात १८ पेक्षा जास्त लॉट कधीच बाहेर पडले नव्हते. म्हणजे निदान १३ लॉटचा उशीर बार कापायच्या आधी, फोनवरच नक्की झाला होता. त्यानंतर आम्ही तारीख देण्याचे काम एकाच माणसाकडे, पीपीसीच्या एका ताईंकडे दिले. मालकांनीही ग्राहकाला "ताईंना विचारून दहा मिनिटांत सांगतो" म्हणायचे असे ठरले, आणि त्यांनी ते पाळले. तारीख काढण्याची रीत साधी होती: अडणाऱ्या मशीनवर पुढची मोकळी जागा कधी, त्यात नंतरच्या ऑपरेशनचे ठरलेले दिवस, बाहेरच्या प्रक्रियेचे खरे दिवस, आणि वर दोन दिवस राखीव. तुमच्याकडे हे कोण करू शकेल ते तुम्हालाच ठरवावे लागेल. एवढेच पाहा की ती व्यक्ती शॉपमध्ये रोज फिरणारी असावी.

तारखा देताना कॅलेंडर खरे असावे, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. भोसरीत आपली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, ग्राहक रविवारी बंद, प्लेटर तिसऱ्याच दिवशी. म्हणजे शुक्रवारी सकाळी द्यायचा माल प्रत्यक्षात बुधवारी संध्याकाळी तयार हवा. आळंदी आणि देहूहून पालख्या निघतात त्या दिवसांत वाहतूक वळवली जाते, गणपतीला आणि दिवाळीला मराठवाड्यातली, विदर्भातली मुले गावी जातात आणि त्यातली काही उशिरा परततात. या तारखा पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात, त्यामुळे उशिराचे कारण म्हणून त्या ग्राहकाला सांगू नयेत. त्या आठवड्यांचे उपलब्ध तास आधीच कमी धरावेत आणि ग्राहकाला एक महिना अगोदर पुढचा माल उचलायला सांगावा.

रोजचे काम म्हणून मी एकच बैठक सुचवते. सकाळी सव्वानऊला, शॉपमधल्या फळ्यासमोर, उभ्याने, दहा मिनिटे. स्टोअर, पीपीसी, सुपरवायझर, डिस्पॅच आणि शक्य असेल तेव्हा तुम्ही स्वतः. सगळे लॉट वाचायचे नाहीत. ज्यांचे उरलेले काम उरलेल्या दिवसांत बसत नाही तेवढेच लॉट लाल कार्डावर लिहायचे आणि प्रत्येकापुढे आज कोण काय करणार ते नाव लिहायचे. उशीर होणारच हे ज्या दिवशी कळले त्याच दिवशी ग्राहकाला नवी तारीख कळवायची. त्यांच्या नियोजनाला तीन दिवस आधी मिळालेली वाईट बातमी चालते, गाडी आलीच नाही म्हणून लाइनवर उभे राहून कळलेली चालत नाही. मोठे लॉटही फोडून पाहा. २,००० नगांचा लॉट ५००च्या चार भागांत पुढे सरकला तर पहिला भाग प्लेटिंगला दोन दिवस आधी जातो, आणि सेटिंग तेच राहिले तर खर्च फारसा वाढत नाही. सेटिंग दर वेळी बदलावे लागत असेल तर मात्र याचा विचार वेगळा करावा लागेल.

स्पेशल गाड्यांचा हिशेब वेगळा ठेवायला विसरू नका. कितीतरी कारखान्यांत टक्केवारी चांगली दिसते कारण रात्री अकराला अर्धा भरलेला छोटा हत्ती टेम्पो चाकणला धावतो. वाहन उद्योगातल्या गुणवत्ता व्यवस्थेचे आयएटीएफ १६९४९ हे मानक २०१६ मध्ये आले, आणि त्यात पुरवठादाराचे शेड्यूल पालन आणि जादा भाड्याने माल पाठवण्याचे प्रसंग या दोन्हींवर लक्ष ठेवायला ग्राहकाला सांगितले आहे. तेव्हा त्यांचे पत्र म्हणजे तुमच्यावरचा राग नव्हे; त्यांच्या ऑडिटमध्ये हेच विचारले जाते. स्पेशल गाड्या कमी होत असताना टक्केवारी टिकली तर सुधारणा खरी समजावी.

आता साठा आणि ईआरपी. साठा सरसकट वाढवू नका. दर आठवड्याला जाणारे पार्ट कोणते ते काढा आणि फक्त त्यांचा तीन-चार दिवसांचा तयार साठा ठेवा. डिझाइन बदलाची शक्यता असलेल्या किंवा दोन महिन्यांतून एकदा लागणाऱ्या पार्टचा तयार साठा भंगारात जाऊ शकतो, त्यांचा फक्त बार हाताशी ठेवा. लीड टाइम कमी झाला की साठ्याची गरजही उतरते: रोजच्या मागणीतला चढउतार तसाच राहून भरपाईचा काळ १६ दिवसांवरून ४ दिवसांवर आला, तर सुरक्षित साठा वर्गमुळाच्या नियमाने निम्मा पुरतो. म्हणून आधी दिवस कमी करा, मग साठ्याचा आकडा ठरवा. ईआरपी पुढे घ्यावी लागेल, ग्राहक दोनचे पाच झाले की एक्सेल पुरणार नाही. पण आज घेतली तर तीही त्याच पुसलेल्या ड्यू डेटवर टक्केवारी काढेल. तीन कॉलम आणि पाच तारखा तीन महिने हाताने नीट भरल्या गेल्या, की काय हवे ते तुम्हीच विक्रेत्याला सांगू शकाल.

राहिले पत्राचे उत्तर. त्यात पुढच्या महिन्यात ९५ टक्के असे लिहू नका. त्यांच्याच पोर्टलवरच्या उशिरा दाखवलेल्या ओळी घ्या, प्रत्येकीपुढे कारण लिहा आणि कागदपत्र, जॉबवर्क, चुकीची कबुली, मशीनची रांग आणि ग्राहकाने शेवटच्या क्षणी बदललेले शेड्यूल असे गट पाडा. शेवटच्या गटाचे मेल जोडा, पण ते वगळून आपला आकडा वाढवून दाखवू नका. वगळायचे की नाही हे ग्राहकाला ठरवू द्या आणि पुढे किती दिवसांच्या आतले शेड्यूल गोठलेले धरायचे एवढे त्यांच्याकडून लेखी मागा. थकीत ओळी कोणत्या तारखेपर्यंत संपवणार ते ओळीनिहाय द्या. पाठवलेल्या मालावर ते टक्केवारी काढत असतील तर थकीत माल बाहेर पडेल त्या महिन्यात आकडा ७१च्याही खाली जाईल, हे आधीच स्पष्ट लिहा, नाहीतर खरे काम सुरू झाल्याचा महिनाच त्यांना सर्वांत वाईट दिसेल. दर सोमवारी थकीत यादी पाठवण्याचे कबूल करा, आणि पहिला सोमवार चुकवू नका. पाच तारखांचा तक्ता भरून झाला की त्यातली नावे काढून इथे टाका. कोणते अंतर मोठे आहे ते पाहून पुढचे नेमके सांगता येईल.